उच्चार कोणाचा?

आईची नजर काचबिंदूने गेली त्याला आता चार वर्षे होतील. वाचनाची तिला फार सवय, म्हणून मी मोबाईलवर मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय सुरू करून दिली. एका सकाळी कुठल्याशा आध्यात्मिक सदरात ‘जन्म, जरा, मृत्यू’ असे शब्द आले. यंत्राने त्यातला ‘जरा’ हा ‘जरा थांब’मधल्या ‘जरा’सारखा वाचला. आई हसायलाच लागली. मूळचे आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडचे. पुण्यात पंचेचाळीस वर्षे काढूनही तिची वऱ्हाडी सुटलेली नाही. म्हणाली, ‘‘बरोबर हाय त्याचं. जलम अन् मरनाच्या मधात जराकच तं असते!’’

मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. पदवी वाणिज्याची, पोट भरले ते छापखान्यात मुद्रिते तपासून. तीस वर्षे त्या कामात गेल्यावर एक खोड लागते. चूक दिसली की ती कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत आहे हे आधी शोधायचे. यंत्राने ‘जरा’ चुकवला, म्हणजे यंत्राजवळ कुठेतरी शब्दांची यादी असणार, त्या यादीत ‘जरा’ची ओळ असणार, आणि ती ओळ कोणीतरी लिहिलेली असणार, असे मी धरून चाललो. माझा हा समज निम्माच खरा निघाला. पण त्याच्यामागे लागून मी जिथे पोहोचलो तो इतिहास मराठी वाचकांपुढे ठेवावा असा वाटला. तो बहुतांशी इंग्रजीचा इतिहास आहे, कारण उच्चारांची यादी करण्याची गरज सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रतेने त्या भाषेला भासली.

सॅम्युएल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५चा. त्यात शब्दाचा आघात कोणत्या अवयवावर आहे एवढीच खूण आहे. उच्चार दिलेला नाही. जॉन्सनने तो आळसाने गाळला नव्हता. बॉझवेलने त्याच्या चरित्रात १७७२मधले एक संभाषण नोंदवले आहे. टॉमस शेरिडन हा आयरिश नट आणि वक्तृत्वशिक्षक इंग्रजीचे उच्चार ठरवणारा कोश करतो आहे असा विषय निघाला, तेव्हा जॉन्सनने विचारले की शेरिडनला हा अधिकार दिला कोणी? मुळात तो आयरिश. आणि मग त्याने स्वतःचा अनुभव सांगितला. आपल्या कोशाची योजना प्रसिद्ध केली तेव्हा लॉर्ड चेस्टरफिल्डने कळवले, की ‘ग्रेट’ शब्दाचे यमक ‘स्टेट’शी जुळले पाहिजे. सर विल्यम यंगने निरोप पाठवला, की ते ‘सीट’शी जुळले पाहिजे, आणि आयरिश माणसाखेरीज कोणी ‘ग्रेट’ म्हणत नाही. एक उमरावांच्या सभागृहातला सर्वोत्तम वक्ता, दुसरा सामान्यांच्या सभागृहातला. दोघांचे पटत नाही तिथे कोशकाराने काय करावे?

शेरिडनने तरीही १७८०मध्ये कोश काढलाच. त्याच्यापुढे गेला तो जॉन वॉकर. हाही पूर्वाश्रमीचा नट. त्याचा १७९१चा उच्चारकोश शंभर वर्षे तरी इंग्रज घरांतून वापरात राहिला. रंगभूमीवरच्या माणसांनी हे काम हाती घ्यावे यात नवल नाही. शब्द कसा ऐकू जातो हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? मला मात्र वॉकरच्या कोशात शब्दांपेक्षा सुरुवातीची पाने अधिक बोलकी वाटतात. तिथे स्कॉटलंडच्या, आयर्लंडच्या आणि खुद्द लंडनच्या रहिवाशांनी आपापले दोष कसे टाळावेत याचे नियम दिले आहेत. लंडनचा सामान्य माणूस ‘ह’ गिळतो, ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ आणतो, हे त्याचे अपराध. म्हणजे ज्या शहरात कोश छापला त्या शहरातल्या बहुसंख्यांचे बोलणे कोशात दोष म्हणून आले. गावाचे नाव बदलत गेले, पण ही गोष्ट पुढेही घडत राहिली.

विसाव्या शतकात हे काम नटांकडून प्राध्यापकांकडे गेले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातला डॅनियल जोन्स हा त्यातला मोठा माणूस. १९१३मध्ये त्याने हर्मान मिखाएलिसबरोबर एक विलक्षण कोश काढला. त्यात शब्द लावले होते ते स्पेलिंगच्या नव्हे, ध्वनीच्या क्रमाने. आधी ध्वनिलिपीतला उच्चार आणि मग त्याचे नेहमीचे लेखन. असा उलटा कोश वापरणार कोण? कानावर शब्द पडला, पण तो लिहितात कसा हे ठाऊक नाही, असा माणूस. त्या काळी असा वाचक परदेशी विद्यार्थीच असायचा. साठ वर्षांनी नेमका असाच वाचक दुसरीकडे जन्माला आला आणि तो यंत्र होता. पण त्याकडे नंतर येतो.

जोन्सचा नेहमीच्या मांडणीचा इंग्रजी उच्चारकोश १९१७मध्ये आला. त्यात उच्चार कोणाचे, हे त्याने न लपवता सांगितले आहे. दक्षिण इंग्लंडमधली, ज्यांच्या घरचे पुरुष मोठ्या निवासी ‘पब्लिक स्कूल’मध्ये शिकले आहेत अशी कुटुंबे. असेच बोला असा आपला आग्रह नाही, आपण केवळ नोंद करतो आहोत, असेही तो म्हणतो. मला जोन्सचा प्रामाणिकपणा खरा वाटतो. पण नोंद एकदा छापली की वाचणारा तिला आज्ञाच समजतो, हे मुद्रितशोधकाला वेगळे सांगायला नको. १९२६च्या आवृत्तीपासून त्याने या उच्चाराला ‘रिसीव्ड प्रनन्सिएशन’, म्हणजे सर्वमान्य उच्चार, असे नाव दिले. ‘अमुक शाळांमधला उच्चार’ या नावात मालकाचा पत्ता तरी होता. नव्या नावाने तोही पुसला. त्याच वर्षी बीबीसीने निवेदकांच्या उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली. तिच्यावर जोन्स होता आणि बर्नार्ड शॉही होता. शॉने ‘पिग्मॅलियन’ लिहून फार वर्षे झाली नव्हती. तेच नाटक पु. ल. देशपांड्यांनी १९७५मध्ये ‘ती फुलराणी’ म्हणून मराठीत आणले. भक्ती बर्वेंची मंजुळा पाहून माझ्या पिढीचे प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडले. फुलवालीने बोलणे बदलले तर तिचे जग बदलते, हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नाही.

आता अमेरिकेकडे वळू. १९७१मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेने, माणसाचे बोलणे समजणारे यंत्र पाच वर्षांत करून दाखवा म्हणून काही विद्यापीठांना आणि कंपन्यांना पैसे दिले. उद्दिष्ट हजार शब्दांचे होते. यंत्राच्या दृष्टीने अडचण अशी, की त्याला ऐकू येतात त्या हवेतल्या लहरी. त्यांतून ध्वनी ओळखले तरी ते ध्वनी मिळून कोणता शब्द होतो हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. हाच तो मिखाएलिस-जोन्सचा वाचक. ध्वनीकडून शब्दाकडे जाणारा कोश त्याला हवा होता. पण जोन्सच्या ध्वनिलिपीतली उलटी ‘ई’ आणि शेपटीवाली ‘एन’ त्या काळच्या संगणकाच्या कळफलकावर कुठून येणार? म्हणून साध्या रोमन अक्षरांचीच एक लिपी बेतली गेली. एका ध्वनीला एक किंवा दोन अक्षरे. तिला ‘आर्पाबेट’ म्हणतात. संरक्षण खात्याच्या एका प्रकल्पासाठी, टंकलेखनाच्या सोयीने केलेली ही तडजोड पन्नास वर्षांनंतरही वापरात आहे.

या प्रकल्पात उद्दिष्ट गाठले ते पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने. ‘हार्पी’ नावाची त्यांची यंत्रणा १९७६मध्ये १,०११ शब्द ओळखत होती. तिथे भाषण-संशोधनाचा पाया घातला तो राज रेड्डी यांनी. आंध्रातल्या एका खेड्यात जन्मलेले रेड्डी १९६९मध्ये या विद्यापीठात आले आणि १९९४मध्ये ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी ठरले. त्यांचे विद्यार्थी काई-फू ली यांनी १९८८च्या सुमारास ‘स्फिंक्स’ ही यंत्रणा केली. आधी ओळख करून दिली नसतानाही कोणाचेही सलग बोलणे ती समजू शकत होती. तिच्यासारख्या यंत्रणांना मोठा उच्चारकोश लागत होता. तो कार्नेगी मेलनमध्ये तयार झाला आणि १९९३पासून सर्वांना फुकट मिळू लागला. त्याचे नाव ‘सीएमयू उच्चारकोश’. आज त्यात सुमारे १ लाख ३४ हजार नोंदी आहेत. अर्थ नाही, व्याकरण नाही, व्युत्पत्ती नाही. एका ओळीत एक शब्द आणि त्यापुढे त्याचे ध्वनी, एवढेच.

हा कोश मी कितीतरी रात्री नुसता वाचत बसलो आहे. त्यात एकूण ३९ ध्वनी. प्रत्येक स्वरामागे एक आकडा. प्रमुख आघात असेल तर १, दुय्यम असेल तर २, आघात नसेल तर शून्य. ‘टोमॅटो’ची ओळ अशी आहे: टी, एएच-०, एम, ईवाय-१, टी, ओडब्ल्यू-२. म्हणजे अमेरिकी ‘टमेटो’. तिच्याखाली त्याच शब्दाची दुसरी ओळ आहे, ‘टमाटो’ म्हणणाऱ्यांसाठी. ‘फायर’ शब्दालाही दोन ओळी. एक दोन अवयवांची, एक जवळजवळ एकाच अवयवाची. चेस्टरफिल्ड आणि यंग यांच्या भांडणावर जॉन्सनला न सापडलेला तोडगा पिट्सबर्गच्या लोकांनी किती सहज काढला, असे मला वाटले. दोन्ही लिहा! पण दोन ओळींपैकी एक वर असणार आणि एक खाली, याला इलाज नाही. कोश वापरणारे कितीतरी कार्यक्रम फक्त वरची ओळ उचलतात.

तरीही या कोशाला मालकाचा पत्ता आहेच. तो सर्वसाधारण अमेरिकी मानला जाणारा उच्चार देतो. पिट्सबर्गचा जुना कामगारवर्ग, पोलादाच्या भट्ट्यांवर काम केलेल्या लोकांची पोरेबाळे, ‘डाऊनटाऊन’ म्हणत नाहीत. ते ‘डाऽन्टाऽन’ म्हणतात. ही त्या शहराची इतकी ठळक खूण आहे, की ती टी-शर्टांवर आणि चहाच्या मगांवर छापून विकतात. कार्नेगी मेलनच्याच इंग्रजी विभागातल्या प्राध्यापक बार्बरा जॉनस्टन यांनी या बोलीवर २०१३मध्ये एक सुरेख पुस्तक लिहिले. पण त्याच विद्यापीठाच्या उच्चारकोशात ‘डाऽन्टाऽन’ नाही. तेव्हा मला वॉकरचे लंडन आठवले.

कोशाबरोबर यंत्राला दुसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे माणसांचे खरे आवाज, आणि त्या आवाजात कोणता ध्वनी कुठे सुरू होतो, कुठे संपतो याची नोंद. ऐंशीच्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी आणि एमआयटी यांनी मिळून असा एक संग्रह केला. दोघांच्या नावांवरून त्याला ‘टिमिट’ म्हणतात. ६३० माणसे, प्रत्येकी दहा वाक्ये, एकूण ६,३०० ध्वनिमुद्रणे. ध्वनिमुद्रण टेक्सासमध्ये झाले. एमआयटीत माणसांनी बसून ध्वनी न् ध्वनी तपासला. एका सेकंदाचे १६ हजार तुकडे, आणि अमुक तुकड्यापासून तमुक तुकड्यापर्यंत ‘श’, तिथून पुढे ‘इ’, अशा नोंदी. मी तीस वर्षे अक्षरे तपासली, म्हणून या कामाची कल्पना करू शकतो, आणि ते ज्यांनी केले त्यांच्यापुढे हात जोडतो.

दहांपैकी दोन वाक्ये सर्वांना सारखीच दिली होती. एका वाक्यात तेलकट पाण्यात भिजलेला काळा सूट आहे, दुसऱ्यात तेलाचे फडके. वाक्यांना अर्थ बेताचाच. पण त्यांत ‘ग्रीसी’ आणि ‘वॉश’ असे शब्द मुद्दाम पेरले होते, कारण ‘ग्रीसी’ म्हणणारा उत्तरेचा आणि ‘ग्रीझी’ म्हणणारा दक्षिणेचा, हे अमेरिकेत कान देणाऱ्याला लगेच कळते. देशाचे आठ बोलीविभाग धरले होते. सातांना भूगोल आहे; आठवा विभाग ‘आर्मी ब्रॅट’, म्हणजे वडिलांच्या बदल्यांबरोबर छावण्याछावण्यांतून वाढलेली सैनिकांची मुले. ज्यांना गावच नाही अशा लोकांसाठीही खाना ठेवला, ही त्या संग्रहातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. मात्र ६३०पैकी ४३८ पुरुष आणि १९२ स्त्रिया. हे प्रमाण कसे आले कोण जाणे, पण पुढची कित्येक वर्षे जगभरच्या संशोधकांनी आपापली यंत्रे याच आवाजांवर घासूनपुसून घेतली.

हे सगळे माझ्यासारख्या छापखान्यातल्या माणसाच्या हाती आले ते एका लायब्ररीमुळे. संगणकाच्या भाषेत लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. इतरांनी लिहून ठेवलेल्या, आपल्या कामात उचलून वापरता येणाऱ्या कार्यक्रमांचा संच. पेनसिल्वेनिया विद्यापीठात स्टीव्हन बर्ड आणि एडवर्ड लोपर यांनी २००१मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘नॅचरल लँग्वेज टूलकिट’ ही लायब्ररी सुरू केली. तिच्यात सीएमयूचा पूर्ण कोश आहे, टिमिटचा एक लहान नमुना आहे (प्रत्येक विभागातला एक पुरुष आणि एक स्त्री, अशी सोळा माणसे), आणि मराठीही आहे! बांगला, हिंदी आणि तेलुगूबरोबर मराठी वाक्यांचा एक छोटा संग्रह तिच्यात मिळतो. प्रत्येक शब्दापुढे तो नाम की क्रियापद हे लिहिलेले. तो मजकूर मुका आहे. मराठीचे व्याकरण तिथे आहे, आवाज नाही.

भाचीने संगणकावर ही लायब्ररी बसवून दिली आणि बर्ड, क्लाइन, लोपर यांचे २००९चे पुस्तक समोर ठेवले. पन्नाशी उलटल्यावर पायथन शिकणाऱ्याची जी फजिती होते ती माझीही झाली. ती सांगत बसत नाही. त्या पुस्तकात एक साधे उदाहरण आहे. कोशात ‘ब्लॉग’ शब्द शोधला, तर सापडत नाही आणि यंत्र चूक दाखवते. मग लेखक तो शब्द त्याच्या उच्चारासह स्वतः घालून दाखवतात. आता शोधला की सापडतो. पण पुढे ते बजावतात, की ही भर फक्त तुमच्या चालू कामापुरती आहे. मूळ कोशाला तिचा पत्ता नसतो.

मी ‘ब्लॉग’च्या जागी ‘दर्यापूर’ घातला. सापडला नाही, हे अपेक्षितच होते. मग उच्चार लिहायला बसलो आणि पहिल्याच अक्षराला अडलो. त्या ३९ ध्वनींत ‘द’ नाही. ‘डी’ आहे, पण तो इंग्रजांचा ‘ड’. ‘डीएच’ अशी एक जोडी दिसली म्हणून हरखलो, तर तो ‘दॅट’मधला निघाला, आपला ‘द’ही नव्हे आणि ‘ध’ तर नव्हेच. शेवटी ‘डर्यापूर’ लिहून काम भागवले. आईला सांगितले. तिच्या माहेराला यंत्रात जागा मिळाली, पण साहेबी थाटात. रात्री संगणक बंद केला तेव्हा तेही पुसले गेले.

दोष त्या कोशाचा नाही. तो इंग्रजीसाठी केलेला आहे. प्रश्न आपला आहे. आपल्याकडे काय आहे?

ध्वनींचे शास्त्र आपल्याला नवे नाही. प्रातिशाख्ये आणि शिक्षाग्रंथ यांनी मुखातली स्थाने आणि प्रयत्न इतक्या बारकाईने सांगितले, की लंडनचे जे. आर. फर्थ यांनी १९४६मध्ये कबूल केले, भारतीय वैयाकरणांवाचून एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी ध्वनिशास्त्राची कल्पनाही करणे अवघड आहे. मराठीतही ना. गो. कालेलकरांचा ‘ध्वनिविचार’ आहे. अशोक केळकरांनी १९५८मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. शास्त्र आहे. पण वॉकर किंवा जोन्स जसा इंग्रजांच्या घरोघरी गेला, तसा उच्चारकोश मराठी घरात नाही. आमच्या घरी मोल्सवर्थ आहे, दाते-कर्वे आहेत; वाद झाला तो नेहमी अर्थाचा आणि ऱ्हस्व-दीर्घाचा. कारण आपली श्रद्धा अशी, की देवनागरीत बोलतो तसे लिहितो आणि लिहितो तसे बोलतो. मीही तीस वर्षे याच श्रद्धेने मुद्रिते तपासली.

यंत्राला ती श्रद्धा शिकवून पाहावी! ‘गरम’मधल्या ‘र’चा अकार आपण उच्चारतो, ‘गरमी’त गिळतो. ‘संयम’मधला अनुस्वार आणि ‘संत’मधला अनुस्वार एक नव्हेत. च, ज, झ या तीन अक्षरांना तर प्रत्येकी दोन उच्चार आहेत आणि लिहिताना खूण एकच. चंद्र एका ‘च’चा, चांदणे दुसऱ्या ‘च’चे. चरण वेगळे, गुरांचे चरणे वेगळे. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांशी असते, ‘माझी’ म्हणताना ती मागे टाळूकडे जाते. इ, ई, ए, य पुढे आले की उच्चार तालव्य, तत्सम शब्दांतही तालव्य, एरवी बहुधा दंततालव्य, असा नियम सांगता येतो. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने भारतीय भाषांसाठी ध्वनिचिन्हांचा एक सामाईक संच आणि असे नियम लावणारे कार्यक्रम झालेही आहेत, आणि ते काम मोलाचे आहे. पण नियमाला शब्दाचे कूळ कसे कळावे? संस्कृतातून आलेली ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, फारसीतून आलेला ‘जरा’ म्हणजे थोडेसे. अक्षरे तीच. इथे यादी लागते. दोन ओळी लागतात, आणि कोणती ओळ कधी घ्यायची हे कळावे लागते.

आणि ‘मराठी उच्चार’ म्हटले की कोणाचा, हा जॉन्सनचा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. इथे एक कबुली द्यायची आहे. नव्वदच्या दशकात वऱ्हाडातल्या एका तरुण लेखकाची कथा माझ्याकडे तपासायला आली होती. संवादांत म्हातारीच्या तोंडी ‘डोया’, ‘केयं’, ‘काया’ असे शब्द होते. मी ते सगळे ‘डोळा’, ‘केळं’, ‘काळा’ करून टाकले. माझी आई घरात तसेच बोलत होती, आणि तरी केले. अंक निघाल्यावर त्याचे पोस्टकार्ड आले. रागावलेले नव्हते. आपल्या म्हातारीला पुण्याला का नेऊन ठेवले, एवढेच त्याने विचारले होते. मी उत्तर पाठवले नाही.

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५चा. त्यात वऱ्हाडीचा नमुना आहे. उधळ्या मुलाची तीच बायबलमधली कथा शेकडो बोलींतून लिहून घेतली गेली, त्यांतली एक. पुढे १९१३पासून सर्वेक्षणाच्या निमित्ताने ग्रामोफोनच्या तबकड्याही मुद्रित झाल्या. सरकारी कामाच्या सगळ्या मर्यादा त्यात आहेत. पण कोणीतरी गावोगावचे बोलणे दोष म्हणून नव्हे, नमुना म्हणून घेतले. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधकांचे. शेतकऱ्याने फोनवर मराठीत बोलून बाजारभाव विचारावा, अशी यंत्रणा करण्यासाठी त्यांनी शेतमालाची नावे निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्याच तोंडून, मोबाईलवरून मुद्रित करून घेतली. प्रयोगशाळेच्या शांत खोलीत नव्हे. मागे गाडीचा आवाज असेल तर असू दे. केळ्याचा भाव विचारणारा ‘केयं’ म्हणाला, तर यंत्राला ते ऐकू आलेच पाहिजे. नाही तर त्या यंत्राचा त्याला उपयोग काय?

सुरुवातीला म्हटले, की यंत्राजवळ यादी असणार हा माझा समज निम्माच खरा निघाला. कारण गेल्या दहा-बारा वर्षांत यादीच नाहीशी होत चालली आहे. नव्या यंत्रणा आवाज आणि मजकूर यांच्या प्रचंड साठ्यावरून आपण होऊन शिकतात. मधे उच्चारकोश लागत नाही. २०२२मध्ये आलेली ‘व्हिस्पर’ ही यंत्रणा ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेली आहे. तिचे काम थक्क करणारे आहे, यात वाद नाही. ती मराठीही लिहून देते. पण तिने एखादा शब्द चुकवला, तर मी बोट कोणत्या ओळीवर ठेवू? वॉकरचे पान उघडून आयरिश माणूस भांडू शकत होता. जोन्सच्या प्रस्तावनेत मालकाचा पत्ता होता. सीएमयूच्या कोशात ‘डाऽन्टाऽन’ नाही, हे मला पुण्यात बसून सांगता आले, कारण ती ओळ मी वाचू शकतो. आता निर्णय तसेच होतात, कोणाचा आवाज साठ्यात किती आहे त्यावरून होतात, पण ते वाचता येत नाहीत.

परिणाम मात्र मोजता येतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२०मध्ये अमेरिकेतल्या पाच बड्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या बोलणाऱ्यांच्या शंभर शब्दांत सरासरी १९ चुका, तर काळ्या बोलणाऱ्यांच्या शंभरात ३५. अडचण शब्दसंग्रहाची नव्हती; त्यांचे उच्चार आणि लय यंत्राच्या कानाला ओळखीचे नव्हते.

आमच्या घरी असे मोजमाप रोज होते. आईला दिवसातून दोनदा डोळ्यांत औषध घालावे लागते. मी बाहेर असलो तर तिने फोनला आठवण लावायला सांगायची, असे ठरले होते. ती म्हणायची, ‘‘डोयाचं औषद.’’ फोन कधी दुसराच शब्द लिही, कधी काहीच लिहीत नसे. आठवडाभर प्रयत्न करून तिने सोडून दिले. ‘‘माहं बोलनं याले समजत नाही,’’ म्हणाली. मग काही दिवस ती फोनपुरते ‘डोळा’ म्हणायला शिकली. तेव्हा मात्र मला फुलराणी आठवून हसू आले नाही.

म्हणून मी एक वही केली आहे. भाचीच्या मदतीने ती संगणकातही चढते आहे. एका ओळीत एक शब्द, पुढे उच्चार, आणि तो कोणाच्या तोंडून ऐकला त्याचे गाव आणि वय. च, ज, झ यांच्यापासून सुरुवात केली. ‘जरा’च्या दोन ओळी झाल्या. आई दुपारी समोर बसते, मी शब्द विचारतो. ती कधी दोन वेळा दोन तऱ्हांनी म्हणते, मग दोन्ही लिहितो. परवा ‘डोळा’ आला. त्याखाली दोन ओळी सोडल्या आहेत. ‘डोळा’ आणि ‘डोया’ यांतले वर कोणते आणि खाली कोणते, ते अजून लिहिलेले नाही.